मुंबई–लंडन हवाई मार्ग

भारतातील मुंबई व ग्रेट ब्रिटनमधील लंडन या महानगरांना जोडणारा हवाई मार्ग. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (पूर्वीचा सांताक्रूझ) व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील भूपृष्ठावरून मोजलेले किमान अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,८९० सागरी मैल) आहे. आधुनिक हवाई वाहतुकीच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे नाही. याच्या दुपटीहून अधिक पल्ल्याची विनाथांबा उड्डाणे आता नियमितपणे होतात. तथापि अंतर आणि प्रवासाचा काळ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्या मार्गांवर विशेष स्पष्टपणे दिसते त्यांत या मार्गाची गणना करावी लागेल. अंतर पृथ्वीच्या आकाराने ठरलेले व अचल आहे. प्रवासाचा काळ मात्र एंजिने, इंधन व वारा यांवर आणि त्याहूनही अधिक वाटेतील राष्ट्रांच्या अनुमतीवर अवलंबून राहिला. १९२९ मध्ये लंडनहून निघालेले हवाई टपाल भारताच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास सात दिवस लागत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रवास नऊ-दहा तासांवर आला. त्यानंतर तो आणखी घटलेला नाही. काही वर्षी तर तो वाढला आहे.

सर्वांत जवळचा मार्ग कोणता, याविषयी सामान्यतः गैरसमज आढळतो. भिंतीवरील प्रचलित नकाशात मुंबई व लंडन पट्टीने जोडली, तर ती रेषा मकरानचा किनारा, इराकची सीमा, तुर्कस्तान व बाल्कन प्रदेश यांवरून जाते. परंतु गोलाकार पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना अंतरे विकृत होतात. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला असता तो ज्या रेषेवर स्थिरावतो, तीच खरी किमान अंतराची रेषा होय. या रेषेला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. मुंबई व लंडन यांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन सु. ६५ अंशांचा आहे आणि प्रत्येक अंशास सु. १११ किमी. अंतर पडते; त्यावरून ७,२०० किमी. हा आकडा येतो. ही रेषा मुंबईहून वायव्येस निघून सौराष्ट्र ओलांडते व जवळजवळ नेमकी कराची शहरावरून जाते. तेथून बलुचिस्तान, इराणचा पूर्व व उत्तर भाग, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा आणि कॉकेशस हा तिचा मार्ग होय. मार्गाचा मध्यबिंदू जॉर्जिया, आर्मेनिया व अझरबैजान यांच्या सीमा जेथे एकत्र येतात, त्या परिसरात येतो. पुढे ती काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमिया, पश्चिम युक्रेन व मध्य यूरोप यांवरून लंडनला पोहोचते. या नावांवरून नुसती नजर फिरविली, तरी ही रेषा आखणे सोपे आणि तिच्यावरून उडणे अवघड का, हे ध्यानात येते.

विमानापूर्वीचे मान समुद्रमार्गाचे होते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडन ते मुंबई हे अंतर सु. १९,८०० किमी. भरे व शिडाच्या जहाजांना त्यासाठी कित्येक महिने लागत. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून महिन्याभराहून थोड्या अधिक काळात सुएझला पोहोचली आणि तांबड्या समुद्राचा मार्ग वाफेच्या जहाजांना शक्य असल्याचे सिद्ध झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर सागरी अंतर सु. ११,६०० किमी. झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील ब्रिंडिझीपर्यंत आगगाडी व पुढे आगबोट अशी विलायती डाक सु. दोन आठवड्यांत मुंबईस येई. ‘विलायतेची बोट’ येण्याच्या दिवसावर मुंबईच्या पेढ्यांचा पत्रव्यवहार व बाजारभाव यांचे वेळापत्रक बसलेले असे. भारतात समुद्रमार्गाने येणाऱ्या डाकेचे पहिले बंदर मुंबई होते. हवाई टपाल सुरू होताच हा मान कराचीकडे गेला.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून सुरू झाली. सु. ८,००० किमी.चा हा प्रवास सात दिवसांचा व १३० पौंड भाड्याचा होता. त्याला निखळ हवाई प्रवास म्हणणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही. क्रॉयडनहून विमान स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत जाई, तेथून प्रवासी व टपाल आगगाडीने आल्प्स पर्वत ओलांडून जेनोआस येत. जेनोआहून जलविमानाने भूमध्य समुद्र पार करून ईजिप्त आणि ईजिप्तपासून तीन एंजिनांच्या ‘हर्क्युलीझ’ विमानाने गाझा, रुत्बा, बगदाद, बसरा व इराणच्या किनाऱ्यावरील ठाणी घेत कराची, असा क्रम होता. आगगाडीचा टप्पा केवळ पर्वतामुळे आला नव्हता. फ्रान्सच्या बाजूने येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटली प्रवेश देत नव्हते. ‘हर्क्युलीझ’चा वेग ताशी सु. १७५ किमी. होता आणि रात्रीचे उड्डाण होत नसे. ईजिप्त ते इराक या टप्प्यावर वैमानिकांना उपयोगी पडणारी सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे वाळवंटात काढलेला एक चर. १९२१ मध्ये कैरो–बगदाद हवाई टपालासाठी ब्रिटिश हवाई दलाने तो मैलोगणती नांगरून घेतला होता व त्याचा माग धरून विमाने जात.

कोणत्याही राष्ट्राच्या भूमीवरील आकाश त्या राष्ट्राचेच, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस करारान्वये मान्य झाले होते. त्याचा प्रत्यय या मार्गावर लवकरच आला. इराणच्या किनाऱ्यावरील बुशीर, लिंगे व जास्क ही ठाणी वापरण्याची परवानगी इराणी शासनाने पुढे चालू ठेवली नाही आणि १९३२ मध्ये सर्व मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला. बहरीन व शारजा ही नवी ठाणी झाली. शारजाच्या शेखाशी करार होऊन तेथे उतारूंच्या मुक्कामासाठी तटबंदीचे विश्रामगृह बांधण्यात आले. अरबी किनाऱ्यावरील या वाळवंटी बंदरांचे हवाई वाहतुकीतील महत्त्व या सक्तीच्या स्थलांतरातून सुरू झाले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

कराचीहून पुढचा मुख्य मार्ग जोधपूर–दिल्ली–कलकत्ता असा गेला व मुंबई बाजूला पडली. आगाखानांनी इंग्लंड–भारत एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी ठेवलेले पारितोषिक १९३० मध्ये अस्पी इंजिनियर यांनी मिळविले. त्यांच्या उड्डाणाचे अंतिम ठिकाणही कराचीच होते. स्पर्धेतील दुसरे वैमानिक जे. आर. डी. टाटा उलट दिशेने, कराचीहून निघाले होते. मुंबईला या मार्गाशी जोडण्याचे काम टाटांनीच केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते ‘पस मॉथ’ या एका एंजिनाच्या छोट्या विमानातून इंपीरियल एअरवेजने आणलेले टपाल घेऊन सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. वाटेत अहमदाबादला थांबून, बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून ते दुपारी दोनच्या सुमारास मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान समुद्रालगतच्या खाजणातले असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जाई व त्या काळात विमाने पुण्याहून चालवावी लागत. कराची–मुंबई या सु. ९०० किमी. टप्प्याला त्या दिवशी सात तासांहून अधिक वेळ लागला. पुढे झोत विमानांना तितक्याच वेळात मुंबईहून यूरोपची सीमा गाठता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच भूमध्य समुद्रावरील मार्ग बंद झाला. ब्रिटिश जलविमाने तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील डर्बनपासून कैरो, कराची व कलकत्ता यांमार्गे पूर्वेकडे जात. घोड्याच्या नालासारख्या आकारामुळे या मार्गास ‘हॉर्सशू’ हे नाव पडले होते. युद्धसमाप्तीपूर्वीच, डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याने आकाशावरील राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाला दुजोरा दिला व नियमित सेवांना वाटेतील राष्ट्राची संमती आवश्यक ठरविली. एखाद्या देशावरून न थांबता उडून जाणे आणि केवळ इंधनादी कारणांसाठी तेथे उतरणे या दोन मुभा वेगळ्या कराराने देण्यात आल्या. अनेक मोठी राष्ट्रे त्या करारापासून दूर राहिली.

१९४७ च्या फाळणीने या मार्गाचे स्वरूप पालटले. अठरा वर्षे भारताचे हवाई प्रवेशद्वार असलेले कराची दुसऱ्या राष्ट्रात गेले व ते स्थान मुंबईकडे आले. युद्धकाळात बांधलेला सांताक्रूझचा विमानतळ नागरी वाहतुकीस उपलब्ध झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन बनावटीचे विमान कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. पस्तीस प्रवासी घेऊन झालेले ते भारतीय कंपनीचे यूरोपला जाणारे पहिले नियमित उड्डाण होय. टाटा स्वतः त्या विमानात होते. भाडे १,७२० रु. होते. या मार्गाची लांबी सु. ७,९०० किमी., म्हणजे बृहद्‌वृत्तीय अंतराहून सु. ७०० किमी. अधिक होती आणि थांबे धरून प्रवासास साधारणपणे एक अहोरात्र लागे. दोन आठवड्यांची वाट एका दिवसावर आली. पुढील काळात आलेली सर्व वेगवान विमाने विचारात घेतली, तरी एवढी मोठी झेप पुन्हा घेतली गेली नाही.

या वाटेने किंमतही वसूल केली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरोहून जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असता वादळी हवेत माँ ब्लाँ या आल्प्समधील सर्वोच्च शिखराच्या माथ्याजवळ आदळले व त्यातील सर्व ४८ जण मरण पावले. प्रवाशांत जहाजावर कामावर रुजू होण्यासाठी निघालेल्या भारतीय खलाशांचा मोठा भरणा होता. २४ जानेवारी १९६६ रोजी जवळजवळ त्याच ठिकाणी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान कोसळले. मुंबईहून दिल्ली, बेरूत व जिनीव्हामार्गे लंडनला जाणाऱ्या या विमानातील ११७ जणांत भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होमी जहांगीर भाभा हे होते. विमानातील दोन दिशानिदर्शक ग्राहकांपैकी एक निकामी होता; रडारवरून मिळालेली सूचना चुकीची समजली जाऊन, शिखर मागे पडले अशा समजुतीने विमान खाली आणले गेले, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्या घटनेभोवती नंतर अनेक तर्क रचले गेले; चौकशीत मात्र त्यांना पुष्टी मिळालेली नाही. बॉसाँ हिमनदी आपल्या संथ गतीने या दोन्ही विमानांचे अवशेष खाली आणत आहे. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची एक टपाल थैली आणि २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदाची वार्ता देणारी जानेवारी १९६६ ची वृत्तपत्रे तिच्या बर्फातून मिळाली. लंडनला काही तासांत पोहोचावयाचा हा मजकूर अर्धे शतक वाटेतच राहिला होता.

झोत विमानांचा या वाटेवरील पहिला प्रयोग ब्रिटिश ‘कॉमेट’ विमानाने केला. १९५२ मध्ये लंडन–कोलंबो सेवेवर ते कराची व मुंबईमार्गे येऊ लागले. परंतु लागोपाठच्या अपघातांनंतर १९५४ मध्ये ही विमाने उड्डाणातून काढून घ्यावी लागली. झोत युगाची खरी सुरुवात १९६० मध्ये एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांनी झाली. ताशी सु. ९०० किमी. वेगामुळे उड्डाणाचा काळ जवळजवळ निम्मा झाला. वादळी ढगांच्या वरून, १० किमी.हून अधिक उंचीवरून जाता येऊ लागल्यामुळे प्रवास सुखकरही झाला. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ या पहिल्या बोइंग ७४७ विमानाचे मुंबईत आगमन झाले. त्याच्या पल्ल्यामुळे वाटेतील थांबे तांत्रिक दृष्ट्या अनावश्यक ठरले. त्यापुढे जे थांबे राहिले, ते इंधनासाठी नव्हे तर उतारूंसाठी होत. स्वनातीत ‘काँकॉर्ड’ विमानाची लंडन–बहरीन सेवा १९७६ मध्ये सुरू झाली, पण मुंबईपर्यंत ती कधीच आली नाही. एकविसाव्या शतकातील विमाने ७०७ च्या मानाने पुष्कळ कमी इंधन जाळतात व आवाजही कमी करतात. वेग मात्र तोच, ताशी ९०० किमी.च्या आसपास राहिला आहे. सहा दशकांत प्रवास स्वस्त झाला, शीघ्र झाला नाही.

हा वेग हवेच्या सापेक्ष असतो, भूमीच्या नव्हे, ही गोष्ट प्रवासकाळाच्या हिशेबात महत्त्वाची आहे. निवांत हवेत ७,२०० किमी. अंतर ताशी ९०० किमी. वेगाने बरोबर आठ तासांत तुटेल. परंतु उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत, विमाने ज्या उंचीवरून जातात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारे (जेट प्रवाह) वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमी.हूनही अधिक होतो. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ८० किमी.चा वारा धरला, तर लंडनला जाताना पावणेनऊ तासांहून किंचित अधिक आणि परतताना सु. सात तास वीस मिनिटे लागतील. प्रत्यक्षात विमानतळावरील हालचाल, चढण, उतरण व मार्गातील वळणे यांची भर पडून वेळापत्रकात मुंबई–लंडन प्रवासास साडेनऊ ते साडेदहा तास दाखवितात. परतीचा प्रवास त्याहून साधारणपणे तासभर कमी असतो. घड्याळ आणखी वेगळे सांगते. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे मध्यरात्रीनंतर दोन वाजता निघालेला प्रवासी हिवाळ्यात लंडनच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरतो व रात्र लांबल्याचा अनुभव घेतो. (मुंबई शहराने १९५५ पर्यंत ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे असलेली आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ राखली होती, त्यामुळे ‘मलबार प्रिन्सेस’च्या काळी शहरातील घड्याळे व विमानाचे वेळापत्रक यांतच एकोणचाळीस मिनिटांचे अंतर होते.)

किमान अंतराच्या रेषेवर पूर्णपणे मोकळेपणाने उडण्याची संधी या मार्गाला फार थोडा काळ मिळाली. शीतयुद्धाच्या काळात कॉकेशस व क्रिमिया सोव्हिएट संघात होते आणि परकीय विमानांना ठराविक वाटांखेरीज तेथे प्रवेश नव्हता. पाकिस्तानचे आकाश १९६५ च्या युद्धात भारतीय विमानांना बंद झाले. जानेवारी १९७१ मधील ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले; युद्धानंतर दोन्ही देशांतील हवाई संबंध १९७६ मध्येच पूर्ववत झाले. १९८०–८८ या काळातील इराण–इराक युद्धाने आखाताचा उत्तर भाग धोक्याचा केला. १९९१ मध्ये सोव्हिएट संघाचे विघटन झाल्यावर उत्तरेची वाट खुली झाली, परंतु २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले.

पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात आपले आकाश भारतीय विमानांना बंद ठेवले होते. त्यात एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रु. नुकसान झाल्याची माहिती शासनाने राज्यसभेत दिली. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते पुन्हा बंद झाले, भारतानेही तसाच निर्बंध घातला व दोन्ही बाजूंनी त्याची मुदत महिन्यामहिन्याने वाढविली गेली. मुंबईच्या मार्गाला या निर्बंधाची झळ दिल्लीच्या मानाने कमी बसते. दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला प्रथम दक्षिणेकडे गुजरातपर्यंत उतरावे लागते. मुंबईसमोर मात्र खुला समुद्र आहे. मुंबईहून मस्कतमार्गे लंडन हे अंतर सु. ७,४०० किमी., म्हणजे किमान अंतराहून जेमतेम दोनशे किमी. अधिक भरते. अट एवढीच, की मस्कतच्या पुढे इराण व इराक यांचे आकाश खुले असले पाहिजे. १३ जून २०२५ रोजी इस्राएल–इराण संघर्ष पेटला, तेव्हा इराण, इराक, जॉर्डन व सिरिया यांनी आपली आकाशे बंद केली आणि भारतातून यूरोपला जाणाऱ्या विमानांना सौदी अरेबिया व ईजिप्त यांवरून वळसा घ्यावा लागला. ती वाट अरबी समुद्र व अरबस्तान ओलांडून कैरोवरून जाणारी, ‘मलबार प्रिन्सेस’ने १९४८ मध्ये धरलेल्या मार्गाची होती.